मॅक आणि विंडोजमधल्या फाइल शेअरिंगची पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात मॅकची ८०० केबीची फ्लॉपी पीसीत घालून उपयोग नसे. मॅकचा ड्राइव्ह ट्रॅकनुसार फिरण्याचा वेग बदलत लिहायचा, पीसीच्या ड्राइव्हचा वेग एकच. नेटवर्कवरही तीच गत: अ‍ॅपलचा प्रोटोकॉल (फाइल देण्याघेण्याची ठरलेली पद्धत) एएफपी, तर पीसीकडे आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचलेला एसएमबी.

ही कोंडी बाहेरच्याच माणसाने फोडली. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये नेटवर्कवरची पॅकेट्स (डेटाचे तुकडे) तपासत युनिक्सवर चालणारा, एसएमबी समजणारा सर्व्हर लिहिला. तोच पुढे सांबा झाला आणि २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ सोबत मॅकवर आला. सांबाने २००७ मध्ये जीपीएल ३ हा अधिक कडक अटींचा मुक्त सॉफ्टवेअर परवाना घेतल्यावर अ‍ॅपल जुन्याच आवृत्तीवर थांबली आणि २०११च्या लायन (१०.७) या आवृत्तीत तिने स्वतःचा एसएमबी सर्व्हर दिला. २०१३च्या मॅव्हरिक्स (१०.९) आवृत्तीपासून तर मॅक-मॅकमध्येही एसएमबी २ हाच पहिला पर्याय ठरला.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतली, म्हणजे एसएमबी १ मधली त्रुटी वापरून धुमाकूळ घातला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ चा सर्व्हर मुळातच बंद असतो. जुना स्कॅनर अचानक जोडला जात नाही, त्यामागे बहुधा हेच असते. अशा वेळी एसएमबी १ पुन्हा चालू करू नये. उपकरणाचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे.

पासवर्ड बरोबर असूनही विंडोजवरून मॅक उघडत नसेल, तर मॅकच्या फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या खात्यावर टिक करून पासवर्ड पुन्हा द्यावा. विंडोजच्या लॉगिनला लागतो त्या स्वरूपात मॅक एरवी पासवर्ड साठवत नाही. उलट दिशेने, मॅकवरून विंडोज उघडताना, विंडोजच्या खात्याचा पासवर्ड लागतो, पिन चालत नाही.

डिस्क हातोहात न्यायची, तर तिचा फॉरमॅट पाहावा: विंडोजच्या एनटीएफएसवर मॅक स्वतःहून लिहीत नाही आणि फॅट ३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही. म्हणून एक्सफॅट घ्यावे. मॅकवर ते १०.६.५ पासून चालते. त्यात जर्नल (बदलांची नोंद) नसते, त्यामुळे इजेक्ट न करता डिस्क ओढणे महागात पडते.

मराठी नावांची एक अडचण मात्र खास आपली. मॅकची जुन्या एचएफएस प्लस फॉरमॅटची डिस्क ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) असे फोडून साठवते. तिथल्या झिपमधली ‘दुसऱ्या’ नावाची फाइल विंडोजवर दिसते तशीच, पण शोधात सापडेलच असे नाही आणि त्याच नावाची दुसरी फाइल शेजारी राहू शकते. विंडोजवर ते नाव पूर्ण पुसून नव्याने टाइप केले की ‘ऱ’ पुन्हा एकसंध होतो.