बंदरे, किनाऱ्याची परिसंस्था आणि भरपाईचा प्रश्न : पार्श्वभूमी

गेल्या दोन दशकांत बंदरांच्या विस्तार आराखड्यांमध्ये खारफुटी, खाऱ्या दलदली, समुद्री गवताची कुरणे आणि शिंपल्यांचे थर यांना स्वतंत्र जागा मिळू लागली आहे. निरोगी किनारा लाटांचा जोर मोडतो, गाळ धरून ठेवतो, माशांच्या पिल्लांना आसरा देतो आणि चिखलात कार्बन साठवतो, हे आता बंदरे चालवणारेही मान्य करतात. ही मान्यता आपसूक आलेली नाही. मासेमारांचे बुडालेले हंगाम, बंदरालगतच्या वस्त्यांनी लढवलेले खटले आणि न्यायालयांनी थांबवलेली कामे यांतून ती हळूहळू घडली. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न सतत वादाचा राहिला, आणि तो आजही सुटलेला नाही: बंदरासाठी नष्ट केलेल्या परिसंस्थेची भरपाई दुसरीकडे करता येते का, आणि येत असेल तर ती केव्हा व्हायला हवी?

मुळात बंदर आणि समृद्ध परिसंस्था एकाच ठिकाणी असणे हा योगायोग नव्हे. वाऱ्यापासून आडोसा, गोड्या पाण्याची सोय आणि अंतर्भागात जाणारा जलमार्ग यांमुळे माणसाने नदीमुखे आणि खाड्या निवडल्या. त्याच आडोशामुळे आणि नदीने आणलेल्या गाळामुळे तिथे मासे, शिंपले आणि पाणपक्षी यांची रेलचेल होती. इफेसस आणि मिलेटस ही प्राचीन बंदरे नद्यांच्या गाळाने भरून गेली आणि समुद्रापासून दूर पडली. मध्ययुगातील ब्रुजची खाडीही अशीच आटली. जोवर जहाजे लहान होती, तोवर ती खाडीच्या खोलीशी जुळवून घेत असत. वाफेची जहाजे आणि पोलादी सांगाडे आल्यानंतर हा क्रम उलटला आणि जहाजांसाठी खाडी खोल करणे सुरू झाले. १९५६ मध्ये अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे कंटेनर घेऊन पहिली फेरी निघाली. आजची सर्वांत मोठी जहाजे वीस फुटी मापाने २४,००० हून अधिक कंटेनर वाहतात आणि पूर्ण भरल्यावर त्यांना सुमारे १६ मीटर खोल पाणी लागते.

खोली वाढवण्याचा परिणाम जेवढ्या भागात गाळ उपसला तेवढ्यापुरता राहत नाही. उथळ खाडीत तळाशी होणाऱ्या घर्षणाने आणि दोन्ही काठांवरच्या दलदलीत पाणी पसरल्याने भरतीचा जोर कमी होत जातो. तळ खोल केला आणि काठ बांधून काढले, की हे दोन्ही अडथळे दूर होतात. भरती आत अधिक उंच आणि अधिक वेगाने शिरते, ओहोटी मात्र संथपणे उतरते, आणि आत आलेला बारीक गाळ पुरता बाहेर जात नाही. हाच गाळ बंदराच्या गोद्यांमध्ये बसतो आणि पुन्हा उपसावा लागतो. जर्मनीतील एल्ब नदीवरच्या हॅम्बुर्ग येथे विसाव्या शतकाच्या आरंभी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे २ मीटरचे अंतर होते. आज ते साडेतीन मीटरांच्या वर गेले आहे. म्हणजे काठावरची दलदल गमावणे हे पक्ष्यांचे जेवढे नुकसान, तेवढेच बंदराच्या देखभालीच्या खर्चाचेही कारण आहे. या दुसऱ्या बाजूकडे दीर्घकाळ कुणी पाहिले नाही, कारण उपशाचा खर्च एका खात्यात आणि दलदलीचा तोटा कोणत्याच खात्यात मांडला जात नव्हता.

या प्रश्नाला कायद्याचे रूप देणारा निवाडा इंग्लंडमधील मेडवे खाडीतून आला. शीअरनेस बंदराला लागून लॅपेल बँक नावाचा सुमारे २२ हेक्टरांचा चिखलपट्टा होता. ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला बुडणारा हा पट्टा म्हणजे पाहणाऱ्याला निव्वळ चिखल. परंतु त्या चिखलात किडे, खुबे आणि बारीक शिंपले असतात, आणि हिवाळी स्थलांतरात पाणपक्षी त्यांच्यावरच जगतात. १९७९ च्या युरोपीय पक्षिसंरक्षण निर्देशानुसार मेडवे खाडीचे सुमारे ४,७०० हेक्टर क्षेत्र संरक्षित करायचे ठरले, तेव्हा बंदराला वाढायला दुसरी जागा नाही आणि बंदरावर स्थानिक रोजगार अवलंबून आहे, या कारणासाठी १९९३ मध्ये सरकारने लॅपेल बँक सीमेबाहेर ठेवली. एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी जागा वगळली जात होती, त्यामुळे वरवर पाहता हा समंजस मध्यममार्ग वाटत होता.

एका पक्षिसंरक्षण संस्थेने या निर्णयाला आव्हान दिले. क्षेत्र जरी लहान असले, तरी काही जातींचे पक्षी या पट्ट्यावर उरलेल्या खाडीपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक संख्येने येत होते, हे वादात मान्य झालेले होते. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च अपील पीठाकडून युरोपीय न्यायालयाकडे गेले. ११ जुलै १९९६ रोजी निकाल लागला: संरक्षित क्षेत्राची सीमा आखताना केवळ पक्ष्यांच्या गरजा पाहाव्यात, आर्थिक कारणे तिथे गैरलागू आहेत, आर्थिक कारणांचा विचार सीमा आखून झाल्यावर, प्रकल्पाला परवानगी देण्याच्या टप्प्यावर, पर्याय तपासून आणि भरपाईची अट घालून करता येईल. हा भेद तांत्रिक भासतो, परंतु त्यामुळे निर्णयाचा सगळा भार बदलतो. आधी सीमेबाहेर काढलेल्या जागेचा हिशेब कुणालाच द्यावा लागत नाही. सीमेच्या आत असलेल्या जागेला हात लावायचा तर दुसरा पर्याय नव्हता हे सिद्ध करावे लागते आणि गमावलेल्याच्या बदल्यात काही उभे करावे लागते.

निकाल लागला तेव्हा लॅपेल बँक मात्र उरली नव्हती. फेब्रुवारी १९९५ मध्ये अपील पीठाने प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला, पण तोवर कामाला स्थगिती देण्यास नकार दिला. विलंबामुळे बंदराचे होणारे नुकसान भरून देण्याची हमी संस्था देऊ शकत नव्हती. दरम्यान भराव पडला आणि त्या जागेवर मोटारी उभ्या करण्याचा तळ झाला. खटला जिंकला गेला आणि ज्यासाठी तो लढला ती जागा गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील खरी चूक १९९३ च्या सीमेत जेवढी होती, त्याहून अधिक १९९५ च्या त्या नकारात होती, कारण बंदराच्या विलंबाची किंमत पैशांत मांडता येत होती आणि चिखलपट्ट्याच्या विनाशाची येत नव्हती, आणि न्यायालयाने मांडता येणारी किंमतच तेवढी मोजली.

भरपाई झाली ती जुलै २००६ मध्ये, १९९३ च्या सरकारी निर्णयानंतर सुमारे साडेबारा वर्षांनी, आणि तीही मेडवे खाडीत नव्हे, तर थेम्स नदीमुखाच्या पलीकडे एसेक्समधील वॉलसी बेटावर. तिथल्या शेतजमिनीभोवतीचा जुना समुद्री बांध सरकारी खर्चाने फोडून सुमारे ११५ हेक्टर जागेत भरती पुन्हा येऊ दिली. फेलिक्सस्टो बंदराच्या वाढीत गमावलेला चिखलपट्टाही याच हिशेबात धरला गेला. आकडे पाहिले तर गमावलेल्याहून कितीतरी अधिक क्षेत्र मिळाले, आणि वॉलसी येथे पक्षी आले हेही खरे. जुना बांध खचलेला होता, त्यामुळे मागे नवा बांध आणि पुढे दलदल या रचनेने पुराचा धोकाही कमी झाला. परंतु मधल्या बारा हिवाळ्यांत मेडवेच्या पक्ष्यांनी काय खावे, या प्रश्नाला हेक्टरांच्या आकड्यात उत्तर नाही. पुढे लंडनखालच्या रेल्वे बोगद्यांतून निघालेली तीस लाख टनांहून अधिक माती जहाजांनी वॉलसीला आणून तिथली खचलेली जमीन उंचावण्यात आली आणि २०१५ मध्ये आणखी एक पट्टा समुद्राला खुला झाला. टाकाऊ मानलेली माती किनारा घडवायला वापरण्याची ही पद्धत आता बंदरांतील उपशाच्या गाळालाही लावली जाते.

१९९२ च्या अधिवासविषयक युरोपीय निर्देशाने पर्यायांचा अभाव, अत्यावश्यक लोकहित आणि भरपाई या तीन पायऱ्या पक्क्या केल्या, आणि पुढच्या मोठ्या बंदर प्रकल्पांना त्या चढाव्या लागल्या. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे समुद्रात भर घालून सुमारे २,००० हेक्टरांचे नवे बंदरक्षेत्र उभारण्याची योजना जानेवारी २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने रोखली. माशांची पिल्ले आणि गाळ यांच्या वहनावर, आणि त्यातून उत्तरेकडच्या वाडन समुद्र या दूरच्या उथळ किनारी पट्ट्यावर, काय परिणाम होईल याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. अभ्यास झाला, योजना सुधारली आणि २००८ मध्ये सुरू झालेला भराव २०१३ मध्ये पूर्ण झाला. या वेळी भरपाई कामाच्या बरोबरीने आली: सुमारे २५,००० हेक्टर समुद्रतळावर जड जाळी ओढण्यास मनाई आणि किनाऱ्यावर ३५ हेक्टरांच्या नव्या वाळूच्या टेकड्या. लॅपेल बँकच्या तुलनेत ही मोठीच प्रगती होती. तरीही या मनाईचा भार मासेमारांवर पडला, बंदरावर नव्हे, आणि कोळंबीच्या हलक्या जाळ्यांना परवानगी राहिल्याने तळ कितपत सावरला यावर वाद राहिला.

एल्बच्या ताज्या खोलीकरणाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. हे काम न्यायालयात वर्षानुवर्षे अडले. २०१७ च्या निकालात आराखड्यातील उणिवा दाखवताना केवळ याच नदीच्या भरतीओहोटीच्या पट्ट्यात उगवणाऱ्या एका वनस्पतीच्या संरक्षणाचा मुद्दा महत्त्वाचा ठरला. उणिवा दुरुस्त झाल्या, खोलीकरण पूर्ण झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये नवी खोली जहाजांना खुली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस साचलेल्या गाळामुळे परवानगी असलेली खोली पुन्हा घटवावी लागली. इथे वनस्पतीचा प्रश्न आणि गाळाचा प्रश्न वेगळे मानणे चुकीचे ठरेल. दोन्हींचे मूळ नदीने गमावलेल्या उथळ काठांत आहे.

पाण्यातून होणाऱ्या हानीचा अनुभव स्थानिक अर्थव्यवस्थांना याआधीच आला होता. जहाजांच्या तळावर शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या कथिलयुक्त रंगामुळे १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील आर्काशॉन खाडीतील कालवांची पैदास कोसळली आणि शिंपा विद्रूप झाल्या. लहान नौकांवर १९८२ मध्ये तिथे बंदी आली, जागतिक बंदीचा करार मात्र २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. जहाजांचा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून काळ्या समुद्रात पोहोचलेल्या एका परक्या जेलीसदृश जिवाने १९८० च्या दशकात तिथल्या अँकोव्ही माशांच्या मासेमारीची दुर्दशा केली. त्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचा २००४ चा करार लागू व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडला.

हवेच्या बाबतीत पुढाकार वस्त्यांनी घेतला. लॉस एंजेलिस बंदरालगतच्या रहिवाशांनी आणि पर्यावरण संस्थांनी २००१ मध्ये एका नव्या कंटेनर टर्मिनलविरुद्ध खटला भरला, २००३ मध्ये तडजोड झाली आणि २००४ मध्ये तिथे धक्क्यावर उभ्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळू लागली. २००६ मध्ये शेजारच्या लाँग बीच बंदरासह हवाशुद्धीचा संयुक्त आराखडा आला. इंजिने बंद ठेवून किनाऱ्याची वीज घेण्याची सक्ती युरोपातील प्रमुख बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना २०३० पासून लागू होणार आहे. जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० रोजी ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली.

२००९ मध्ये किनारी परिसंस्थांतील कार्बनसाठ्यावर संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आल्यानंतर खारफुटी आणि दलदलींना हवामानाच्या हिशेबातही स्थान मिळाले, आणि भरपाईचा जुना वाद नव्या रूपात परतला. खारफुटीचा बहुतांश कार्बन झाडांत नसून मुळांखालच्या चिखलात असतो आणि तो शतकानुशतके साचलेला असतो. भराव किंवा उपसा झाल्यावर हा साठा उघडा पडून अल्पावधीत हवेत जाऊ शकतो. नव्या लागवडीखाली तेवढाच साठा व्हायला अनेक दशके लागतात, तीही जागेची पातळी आणि भरतीचा प्रवाह योग्य असला तर. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे किती झाडे लावली एवढेच विचारणाऱ्या परवानगीपत्रांत हा काळाचा फरक नोंदवायला रकाना नसतो, आणि बंदरविस्ताराच्या आजच्या सुनावण्यांमध्ये तज्ज्ञांचे मतभेद प्रामुख्याने याच रकान्यावरून होत आहेत.