फूटभर चढलेले पाणी

अमेरिकेतील ओहायो राज्यात पेरिसबर्ग गावापाशी मॉमी नदीत दर वसंतात शेकडो माणसे वेडर्स, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या जलरोधक विजारी, घालून गळ टाकीत उभी असतात. ईरी सरोवरातला वॉलआय हा मासा मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालण्यासाठी येथील उथळ, खडकाळ पात्रात चढून येतो. वेडर्समध्ये पाणी शिरले की माणूस दगडासारखा तळाशी जातो, ही समजूत या काठावर पक्की आहे आणि ती चूक आहे. पाण्यात बुडालेल्या विजारीतील पाण्याचे वजन माणसाला खाली ओढत नाही. ते जाणवते काठावर चढताना. खरा धोका त्याआधीच, पाय तळावरून सुटतो त्या क्षणी, सुरू झालेला असतो.

पाय का सुटतो, हे साध्या गणिताने पाहता येते. प्रवाहाचा रेटा पाण्यातील पायांच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाणी 60 सेंटिमीटर खोल आणि वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर दोन्ही पायांवर मिळून सुमारे 10 किलो वजनाइतका रेटा येतो. नदी फूटभर चढून खोली 90 सेंटिमीटर झाली आणि वेग दीड मीटरवर गेला, तर क्षेत्रफळ दीडपट आणि वेगाचा वर्ग सव्वादोनपट होऊन रेटा 34 किलोच्या घरात जातो. त्याच वेळी आर्किमिडीजचा नियमही आपल्या विरुद्ध उभा राहतो. पहिल्या स्थितीत 75 किलोच्या माणसाचा तळावरचा भार साधारण 60 किलो असेल, तर दुसऱ्या स्थितीत अधिक शरीर बुडाल्यामुळे तो 47 किलोपर्यंत उतरतो. शेवाळलेल्या दगडावर घर्षण गुणांक 0.5 धरला, तर पायाची पकड 30 किलोवरून 24 किलोच्या खाली येते. म्हणजे 10 विरुद्ध 30 अशी सुरक्षित वाटणारी लढत 34 विरुद्ध 24 होते, आणि माणूस मात्र 'फूटभरच तर चढलंय' असे म्हणत असतो. नदीत उतरून प्रवाह मोजणारे अमेरिकी जलशास्त्रज्ञ म्हणूनच खोली आणि वेग यांचा गुणाकार पाहतात. फुटांत मोजलेला हा गुणाकार 10 च्या वर, म्हणजे मीटरमध्ये सुमारे 0.9 च्या वर, गेला की पाण्यात उतरायचे नाही, असा त्यांचा ठोकताळा आहे. आपले पहिले उदाहरण 0.6 आहे, दुसरे 1.35.

खडकवासल्याचा विसर्ग आपण ज्या क्युसेकमध्ये वाचतो, त्याच एककात वॉटरव्हिल येथील जलमापन केंद्र मॉमीचा प्रवाह सांगते. हे पाणलोट क्षेत्र बहुतांश शेतीचे असून जमिनीखालच्या निचरा-नळ्यांमुळे पावसाचे पाणी झपाट्याने नदीत येते. पाणी चढले आणि गढूळ झाले की वॉलआय मुख्य धारेतून काठाजवळच्या संथ पाण्यात सरकतो. त्याच्या डोळ्यामागचा प्रकाश परतवणारा थर गढूळ पाण्यातही त्याला साथ देतो. म्हणजे अशा दिवशी मधल्या धारेपर्यंत चालत जाण्याची जोखीम मासेमारीच्या दृष्टीनेही फुकटच जाते. चंद्राच्या कलांवरून 'गळाला लागण्याच्या वेळा' सांगणारी कोष्टके तिकडेही विकली जातात. ती घेण्यापेक्षा पाण्यात तापमापक बुडवावा, कारण अंडी घालण्याचा भर साधारण 6 ते 11 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो.

जलमापन केंद्राच्या नुसत्या आकड्यावर विसंबणेही पुरेसे नाही. ईरी सरोवराचे पश्चिमेकडील खोरे उथळ असल्याने ईशान्येचा जोरदार वारा पाणी नदीच्या मुखाशी असलेल्या टोलेडो शहराकडे लोटतो, आणि नदीच्या खालच्या टप्प्यात विसर्ग न वाढताही पातळी चढते. तेथे खोली वाढते, पण प्रवाह तुंबून मंदावतो. नैर्ऋत्येचा वारा नेमके उलट करतो. वॉटरव्हिल त्या टप्प्याच्या बरेच वर असल्याने तेथील आकड्यात यातले काहीच उमटत नाही. म्हणून सावध मासेमार उतरण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक काठी रोवतो, तिच्यावर पाण्याच्या रेषेत खूण करतो, आणि गळ टाकता टाकता मागे वळून ती खूण बुडाली का, हे पाहत राहतो.