बॉक्सवूड (घरगुती बागेतील लागवड)

बॉक्सवूड : बक्सेसी कुलातील बक्सस या प्रजातीची सदाहरित झुडपे. पाने समोरासमोर, लहान, जाडसर व तकतकीत असतात. वाढ फार संथ असते. छाटणी कितीही वेळा केली तरी जुन्या फांदीवर नवी पालवी फुटते. त्यामुळे गोल, शंकू, भिंत असा दिलेला आकार ही झुडपे वर्षानुवर्षे राखतात. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इटलीतील आपल्या वाड्याचे वर्णन करताना प्राण्यांच्या आणि अक्षरांच्या आकारात कातरलेल्या बॉक्सवूडचा उल्लेख केला आहे, म्हणजे ही हौस किमान १,९०० वर्षे जुनी आहे.

बागेत मुख्यतः यूरोप-पश्चिम आशियातील बक्सस सेंपरव्हायरन्स, पूर्व आशियातील बक्सस मायक्रोफायला व बक्सस सायनिका या जाती आणि त्यांचे संकर लावतात. ‘सफ्रुटिकोसा’ हा बुटका प्रकार वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढतो. कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतातील शेरिडन रोपवाटिकेने कडक थंडी सोसणारे ‘ग्रीन जेम’, ‘ग्रीन व्हेल्व्हेट’, ‘ग्रीन माउंटन’ हे संकर दिले. टोरांटो किंवा न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या दारापाशी जे गोल हिरवे झुडूप आधीपासूनच उभे असते, ते बहुधा बॉक्सवूडच असते. भारतात पश्चिम हिमालयात बक्सस वॉलिचियाना ही जाती रानात वाढते. तिच्या ‘चिकरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिवळसर, घट्ट कणांच्या लाकडापासून जम्मूतील राजौरी भागात कंगवे व चमचे कोरतात. हे लाकूड इतके जड असते की ताजे तोडलेले पाण्यात बुडते. दख्खनच्या पठारावरचा उन्हाळा आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी काळी माती या झुडपांना मानवत नाही. आपल्याकडे कातरलेल्या कुंपणासाठी कामिनी, दुरंता किंवा मेंदीच योग्य.

लागवड : पाण्याचा निचरा ही पहिली अट आहे. बॉक्सवूड मरते ते बहुतेकदा तहानेने नव्हे, तर ओल्या मुळांमुळे. सामू (मातीची आम्लता दाखवणारा pH अंक) ६.५ ते ७.५ असलेली माती आणि सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळणारी जागा त्याला आवडते. मुळे अगदी वरच्या थरात पसरतात. म्हणून चिकण मातीत मुळांचा गड्डा जमिनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहील असे रोप लावावे, भोवती खुरपे खोल घालू नये आणि पालापाचोळ्याचे आच्छादन पातळ ठेवून खोडापासून दूर राखावे. रोप खोल लावणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक. तिचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो, तेव्हा कारण लक्षातही येत नाही. थंड प्रदेशात माती गोठण्यापूर्वी भरपूर पाणी द्यावे. हिवाळी ऊन आणि वाऱ्याने पाने तांबूस होतात, ती बहुतेक वसंतात पुन्हा हिरवी होतात. साचलेला बर्फ झाडूने खालून वर हलकेच झटकावा, नाहीतर फांद्या फाटतात. पाने व फांद्या विषारी असल्याने हरणे या झुडपाला सहसा तोंड लावत नाहीत. पाळीव जनावरांपासून मात्र कातरण दूर ठेवावे. काही प्रकारांचा वास मांजराच्या मुतासारखा येतो, म्हणून झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली ते लावू नयेत.

छाटणी : नुसते वरवर कातरत राहिले की बाहेर पानांचे दाट कवच तयार होते आणि आत उजेड व हवा पोचत नाही. आतल्या फांद्या उघड्या पडतात, ओल टिकते, बुरशीला घर मिळते. बाहेरून सुबक दिसणारे झुडूप आतून रिकामे झालेले असते. म्हणून दरवर्षी हिवाळ्यात दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या काही डहाळ्या हाताने आतून मोडून काढाव्यात, म्हणजे झुडपात खिडक्या पडतात. अमेरिकेच्या व्हर्जिनियात अशा डहाळ्या नाताळच्या माळांसाठी वापरण्याची रीत आहे. आकार देणारी छाटणी वसंतातली पालवी पक्व झाल्यावर, ढगाळ दिवशी व पाने कोरडी असताना करावी.

रोग व किडी : बॉक्सवूड करपा (कॅलोनेक्ट्रिया स्यूडोनॅव्हिक्युलाटा ही बुरशी) १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये आणि २०११ मध्ये अमेरिकेत आढळला. पानांवर तपकिरी ठिपके, कोवळ्या फांद्यांवर काळ्या रेषा आणि मग झपाट्याने पानगळ ही त्याची खूण. बीजाणू चिकट असल्याने कात्री, कपडे व रोपांबरोबर प्रवास करतात. गळलेल्या पानांत बुरशी काही वर्षे तग धरते. ती पाने वेचून काढावीत, कंपोस्टमध्ये टाकू नयेत. ‘सफ्रुटिकोसा’ सर्वांत लवकर बळी पडतो. आशियाई जाती व त्यांचे संकर अधिक टिकतात.

पूर्व आशियातील बॉक्स पतंगाची (सायडॅलिमा पर्स्पेक्टॅलिस) काळ्या पट्ट्यांची हिरवी अळी जाळी विणून पाने, मग सालही फस्त करते. २००७ च्या सुमारास तो जर्मनीत दिसला. रशियातील सोची येथील २०१४ च्या ऑलिंपिकसाठी इटलीहून आणलेल्या रोपांबरोबर तो काकेशसमध्ये शिरला आणि तिथली प्राचीन बॉक्सवूडची राने काही वर्षांतच वाळून गेली. बागेतल्या सजावटीसाठी रोपे हलवताना एवढी किंमत मोजली जाऊ शकते, हे त्याआधी फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. २०१८ मध्ये तो टोरांटोत, २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पोचला. अळ्या लहान असतानाच हाताने वेचाव्यात किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक आतल्या पानांपर्यंत पोचेल असे फवारावे. पाने फोडासारखी फुगली तर एक पान उजेडाला धरून पाहावे. आत पिवळसर अळी दिसली तर ती पानपोखरी माशी होय.

अभिवृद्धी : बियांपासून फार वेळ लागतो, म्हणून छाट कलमच करतात. उन्हाळ्याच्या अखेरीस निम्म्या पक्व फांदीचे आठ-दहा सेंटिमीटरचे छाट खालची पाने काढून वाळूमिश्रित मातीत लावावेत; दोन-तीन महिन्यांत मुळे धरतात. कुंपणाजोगे रोप व्हायला तीन-चार वर्षे जातात, पण निरोगी झुडपाचे घरचे कलम विकतच्या रोपाबरोबर येणारी बुरशी आणत नाही. विकतचे रोप आणलेच, तर महिनाभर जुन्या झुडपांपासून वेगळे ठेवावे.