‘दुखा’पासून भिशीपर्यंत: फिलिपिनो समाजाच्या पैशाविषयीच्या समजुतींची पार्श्वभूमी

फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेत गरीब माणसाला ‘दुखा’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृतातल्या ‘दुःख’ या शब्दावरूनच तिकडे गेला आहे. पैशाच्या मागे लागलेल्या माणसाला ‘मुखांग पेरा’ असे हिणवतात. पैशाच्या तोंडाचा, असा त्याचा अर्थ, आणि त्यातले ‘मुख’ही आपल्या ओळखीचेच. गरिबी म्हणजे दुःख आणि पैशाची आस म्हणजे लाजिरवाणी गोष्ट, या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या फिलिपिनो माणसाला गेली वीसएक वर्षे मनिलातले आर्थिक सल्लागार, प्रवचनकार आणि स्तंभलेखक एकच गोष्ट सांगत आले आहेत, की मनातल्या समजुती बदला म्हणजे पैसा टिकेल. बचत ही श्रीमंतांनी करायची गोष्ट आहे, कोणाला तरी लुबाडल्याशिवाय श्रीमंत होता येत नाही, घरच्यांना पैसे नाकारणे हा कृतघ्नपणा आहे, शेअर बाजार हा जुगार आहे, अशा या समजुती. त्या आहेत हे खरे. परंतु त्या आल्या कुठून, याचा शोध घेतल्याशिवाय त्यांना मनाचा दोष ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

फिलिपिन्समध्ये सापडलेला सर्वांत जुना तारीखवार लेख हा कर्जमुक्तीचा दाखला आहे. 1989 मध्ये लागुना प्रांतात मिळालेल्या या ताम्रपटावर शके 822, वैशाख, कृष्ण पक्ष, चतुर्थी अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन 900. नामवरान नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थावरचे सोन्याचे ऋण फिटले असून त्याची मुलेही त्यातून मुक्त झाली आहेत, असे त्यात नोंदवले आहे. हे ऋण फिटलेलेच नाही असे पुढे कोणी म्हणाले तर, इथपर्यंत मजकूर येतो आणि वाक्य अर्धवटच तुटते. बापाचे कर्ज लेकरांच्या मानेवर बसते, हा अनुभव स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. हुआन दे प्लासेन्सिया या धर्मगुरूने 1589 मध्ये तागालोग चालीरीतींचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यातही ‘आलिपिन’ म्हणजे बांधील माणसांचे प्रकार आणि ही बांधिलकी वारशाने कशी उतरते याचा तपशील आहे.

1565 पासून सुरू झालेल्या स्पॅनिश राजवटीने या ओझ्यात वेठीची भर घातली. पुरुषांना वर्षातून 40 दिवस सरकारी कामावर राबावे लागे. ही मुदत 15 दिवसांवर आली ती थेट 1884 मध्ये. ‘बांदाला’ या पद्धतीत शेतकऱ्याचे धान्य सरकारने ठरवलेल्या भावाने उचलले जाई आणि हाती मिळे केवळ वचनचिठ्ठी, जिचे पैसे पुष्कळदा कधीच मिळत नसत. 1782 ते 1882 अशी शंभर वर्षे तंबाखूवर सरकारी मक्तेदारी होती. जास्त पिकवले की जास्त उचलून नेले जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या शेतकऱ्याने जास्त का पिकवावे?

हाच प्रश्न फिलिपिन्सचे राष्ट्रनायक मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांनी 1890 मध्ये माद्रिदहून निघणाऱ्या ‘ला सोलिदारिदाद’ या पाक्षिकात, फिलिपिनो माणसाच्या तथाकथित आळशीपणावर लेखमाला लिहून मांडला. आळस नाहीच, असे ते म्हणत नाहीत. तो या देशाच्या दैन्याचे कारण नसून परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. स्पॅनिश येण्यापूर्वी या बेटांवरचे लोक दूरवर व्यापार करत, शेती आणि खाणकाम करत, याचे पुरावे त्यांनी जुन्या प्रवासवर्णनांतून काढून दाखवले आणि मग विचारले की श्रमाचे फळ हातात राहणार नसेल तर माणसाने श्रमांवर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर? रिझाल यांचे कुटुंब कालांबा येथे डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या मठाची जमीन खंडाने कसत होते आणि त्याच सुमारास खंडाच्या वादातून त्या गावातल्या कुळांना घराबाहेर काढण्यात येत होते. आज समजुती बदलण्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यातले फारच थोडे या लेखमालेच्या पातळीला पोहोचते, असे माझे मत आहे.

स्पॅनिशांनंतर आलेल्या अमेरिकन राजवटीने मठांच्या सुमारे 1 लाख 60 हजार हेक्टर जमिनी विकत घेऊन कुळांना हप्त्याने देऊ केल्या, पण त्यांतल्या बऱ्याच शेवटी आधीच सधन असलेल्यांच्या हाती गेल्या. लुझोन या मुख्य बेटाच्या मध्य भागातल्या कुळाला पेरणीच्या दिवसांत जमीनदाराकडून भात उसने घ्यावे लागे, आणि ‘ताकिपान’ या रिवाजाने एका पोत्याची दोन पोती परत करावी लागत. शहरातल्या किरकोळ विक्रेत्याला ‘फाइव्ह-सिक्स’चा आधार होता: पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे. मोटारसायकलवरून रोज वसुलीला येणारे हे सावकार बहुतांशी पंजाबी असतात, पण फिलिपिन्समध्ये त्यांना ‘बुंबाय’ म्हणतात, कारण तिथे भारतीय माणसाची ओळखच मुंबईच्या नावाने झाली. मुलांच्या गणवेशाला आणि शाळेच्या शुल्काला पैसे लागणार हे ठाऊक असूनही बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याला हा बुंबाय कागदपत्रांशिवाय पैसे देतो. 2017 मध्ये सरकारने ही सावकारी मोडण्याची भाषा केली आणि छोट्या विक्रेत्यांसाठी स्वस्त कर्जाची योजना आणली, ती या गरजेची कबुलीच होती.

ज्यांनी बचत केली, त्यांचा अनुभव तरी काय होता? ऑगस्ट 1983 मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची विमानतळावर हत्या झाली, ऑक्टोबरमध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली आणि 1984 मध्ये महागाई 50 टक्क्यांच्या आसपास पोहोचली. पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पेसोची किंमत वर्षभरात तिसऱ्या हिश्श्याने घटली, काही बँका बंद पडल्या. पुढे मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची हमी देणाऱ्या योजना मध्यमवर्गाने वर्षानुवर्षे हप्ते भरून घेतल्या. शुल्कावरचे नियंत्रण उठल्यावर ते भराभर वाढले आणि 2000 नंतरच्या दशकात यांतल्या मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. 2012 मध्ये पागादियान येथे अमान फ्युचर्स नावाचा दामदुपटीचा डाव कोसळला, तेव्हा बुडालेली रक्कम 12 अब्ज पेसोंच्या घरात असल्याचा अंदाज होता. गुंतवणूक म्हणजे जुगार, ही समजूत अशा अनुभवांतून पक्की झाली आहे.

‘उतांग ना लोओब’, म्हणजे अंतःकरणाचे ऋण, हा याच कथेचा दुसरा पदर आहे. जन्म दिला, वाढवले, शिकवले याचे ऋण पैशात मोजता येत नाही, म्हणून ते कधी फिटतही नाही. 1974 च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीला सरकारी धोरणाचे रूप दिले, तेव्हापासून हे ऋण दर महिन्याला दुबई, हाँगकाँग आणि रियाधहून घरी येऊ लागले. 2023 मध्ये परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत 33 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. निवृत्तिवेतन नसलेल्या आईबापांसाठी हेच म्हातारपणचे वेतन असते. सल्लागार जिला बचतीतली अडचण म्हणतात, ती त्या घराची एकमेव विमा पॉलिसी आहे.

‘बहाला ना’ या उद्गाराचेही असेच झाले. देव बघून घेईल, असा त्याचा दैववादी अर्थ बराच काळ लावला गेला. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लागमाय यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की अनिश्चित प्रसंगात पाऊल टाकताना धीर गोळा करण्यासाठी माणसे हे शब्द उच्चारतात. या दोन अर्थांच्या मधल्या जागेत समृद्धीचा उपदेश करणारी धर्मचळवळही वाढली: 1980 च्या दशकात उभ्या राहिलेल्या एल शद्दाय या कॅथलिक चळवळीच्या मेळाव्यांत भाविक उलट्या छत्र्या उघडून कृपेचा वर्षाव झेलतात आणि आशीर्वादासाठी पासपोर्ट व बँकेची पासबुके उंच धरतात.

बँकांची दारे मात्र उशिराच उघडली. 100 पेसोंच्या आत खाते उघडता येईल आणि किमान शिल्लक ठेवावी लागणार नाही, अशी मुभा मध्यवर्ती बँकेने 2018 मध्ये दिली. तिच्याच पाहणीनुसार 2019 मध्ये 29 टक्के प्रौढांचे खाते होते, 2021 मध्ये 56 टक्क्यांचे. ही वाढ मुख्यतः महासाथीच्या काळात मोबाइलवर उघडलेल्या खात्यांची होती. बँकेतल्या ठेवींवरचे विमासंरक्षण 2025 मध्ये 5 लाखांवरून 10 लाख पेसोंवर नेण्यात आले. तरीही 15 आणि 30 तारखेला पगार हाती पडला की कार्यालयांतून आणि बाजारांतून ‘पालुवागान’चे पैसे गोळा होतातच. ही आपली भिशीच आहे: दहा जणींनी ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. नंबर कोणाचा लागणार हे सगळ्यांना माहीत असते, आणि पैसे ज्या वहीत लिहिले जातात ती वही ओळखीच्याच बाईच्या हातात असते.