प्रचारतंत्रे : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

लोकमत हवे तिकडे वळवण्यासाठी शब्द, चिन्हे आणि माहिती यांची हेतुपुरस्सर केलेली मांडणी म्हणजे प्रचारतंत्र. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या एका अभ्याससंस्थेने अशा सात तंत्रांची यादी केली : नावे ठेवणे, मोघम पण भारदस्त शब्द वापरणे, पूज्य प्रतीकांचे वलय उसने घेणे, नामवंतांची साक्ष काढणे, ‘मी तुमच्यातलाच’ असे भासवणे, सोयीची तेवढीच माहिती देणे आणि ‘सगळे आमच्याच मागे आहेत’ असे दाखवणे. संस्था १९४२ मध्ये बंद पडली, यादी मात्र अजून वापरात आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले. तेव्हापासूनच्या सीमावादात ही बहुतेक तंत्रे दोन्हीकडून वापरली गेली आहेत. दर १ नोव्हेंबरला एकीकडे लाल-पिवळ्या झेंड्यांचा कर्नाटक राज्योत्सव असतो, तर दुसरीकडे मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध सायकल फेरी. गर्दी पाहून कुंपणावरचा माणूसही सामील होतो. सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला कन्नड संघटना ‘नाडद्रोही’ (राज्यद्रोही) म्हणतात. समिती सोडून राष्ट्रीय पक्षात गेलेल्याला मराठी गल्लीत ‘गद्दार’ म्हटले जाते. असे विशेषण एकदा चिकटले की त्या माणसाचा मुद्दा कोणी ऐकून घेत नाही. प्रतीकांच्या बाबतीत शिवाजी महाराज आणि इंग्रजांविरुद्ध लढलेले कित्तूरचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांना समोरासमोर उभे केले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये दोघांच्याही पुतळ्यांची विटंबना झाली आणि वातावरण पेटले. ‘बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आली आहे. पुन्हा पुन्हा ऐकलेले विधान अधिक खरे वाटते, हे १९७७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवले.

पण सीमाभागात सर्वांत प्रभावी ठरलेले तंत्र आहे ते निवडक सत्याचे. ते ओळखणे अवघड, कारण त्यात खोटे असे काहीच नसते. संपूर्ण बेळगाव जिल्हा हा घटक धरला तर बहुसंख्या कन्नड भाषकांची. खेडे हा घटक धरला, तर खानापूर तालुक्यासारख्या भागांत ती मराठीची. महाराष्ट्र खेड्याचा निकष पुढे करतो, कर्नाटक जिल्ह्याचा. आकडे दोघांचेही बरोबर. घटक कोणता धरायचा यातच अर्धा निकाल लागलेला असतो.

सीमावाद सोडवण्यासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचेही तसेच. १९६७ चा अहवाल अंतिम मानावा, असे कर्नाटकातून सांगितले जाते. त्याच अहवालाने निपाणी, खानापूर आणि नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती, हे त्या भाषणांत सहसा येत नाही. आपल्या मराठी सभांमध्ये अहवाल अन्यायकारक ठरतो. आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहावरून नेमला गेला होता, हे तिथे गाळले जाते. आपल्याच माणसाने सांगितलेल्या अर्ध्या गोष्टीची उरलेली बाजू कोणी तपासत नाही.

सात तंत्रांच्या यादीत नसलेले एक तंत्र म्हणजे बनावट उगम, म्हणजेच दुसऱ्याच्या नावावर मजकूर खपवणे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर हल्ले झाले. त्यानंतर दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांशी झालेल्या बैठकीअंती केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी बड्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही वाद चिघळवल्याचे सांगितले. पलीकडच्या बाजूचा नेता असेच काहीतरी बोलणार, अशी वाचकाची आधीपासून खात्री असते. त्यामुळे खाते खरे की खोटे हे पाहण्याआधीच मजकूर पुढे गेलेला असतो.