पर्यटक धारणक्षमता

पर्यटक धारणक्षमता : एखाद्या संरक्षित वनक्षेत्राची झीज न होता आणि तेथील वन्यजीवांना उपद्रव न पोचता तेथे दिवसाकाठी जास्तीत जास्त किती माणसे येऊ शकतात, ती संख्या. ‘वहनक्षमता’ (इं. कॅरीइंग कपॅसिटी) असाही पर्याय रूढ असून मूळ अर्थाशी तोच अधिक जवळचा दिसतो.

संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्टने १८३८ मध्ये मांडलेल्या लोकसंख्यावाढीच्या समीकरणातून ती आली, असे पुष्कळदा सांगितले जाते; पण त्यातील कमाल मर्यादेला हे नाव मिळाले ते अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ ओडममुळे, १९५३ च्या सुमारास. त्यापूर्वी, बहुधा १८४० च्या दशकापासून, जहाजात किती माल मावतो या अर्थाने आणि पुढे कुरणात किती गुरे चरू शकतात या अर्थाने हा शब्द वापरात होता. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकन वनसंशोधक वॅगरने १९६४ मध्ये तो वनविहाराला लावला, तेव्हाच केवळ परिसंस्थेकडे पाहून आकडा ठरत नाही, माणसांच्या अपेक्षाही धराव्या लागतात, असे नोंदवले.

आकडेमोडीची प्रचलित रीत संरक्षित क्षेत्रांचा अभ्यासक सिफुएंतेस याची (१९९२). समजा, पायवाट १ किमी. आहे, ती ८ तास खुली असते, फेरीला २ तास लागतात आणि माणशी १ मी. जागा धरली. भौतिक क्षमता, म्हणजे निव्वळ जागेत मावणारी संख्या, ४,००० (एका वेळी १,००० × ४ फेऱ्या) येते. दहा-दहांचे गट व दोन गटांत ९० मी. अंतर ठेवले की ती ४०० वर उतरते. कर्मचारी व सोयी गरजेच्या ६० टक्केच असतील, तर ‘परिणामी क्षमता’ (प्रत्यक्षात सांभाळता येणारी संख्या) २४०. उतार, पाऊस व विणीचा हंगाम यांसाठीची कपात वेगळी. अमेरिकन संशोधक स्टँकी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोकी मोजण्याऐवजी ‘स्वीकार्य बदलाची मर्यादा’ ठरवण्याचा, म्हणजे जागेत कितपत बदल चालेल ते ठरवून तो त्या मर्यादेत ठेवणारे उपाय योजण्याचा मार्ग सुचवला.

भारतात व्याघ्र प्रकल्पांसाठी २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार गाभा क्षेत्राचा (वाघांसाठी राखलेल्या आतल्या भागाचा) २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला देता येत नाही.

खानदेशाचे उदाहरण घेतले, तर तेथे राष्ट्रीय उद्यान नाही. यावल (१९६९, सु. १७८ चौ. किमी.), अनेर धरण (१९८६) व अंशतः गौताळा औट्रमघाट (१९८६, सु. २६१ चौ. किमी.) ही अभयारण्ये आहेत. चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीचे मंदिर गौताळ्याच्या हद्दीत येते. वरील गणित मात्र येथे जुळत नाही. ते वर्षभर विखरून येणारा पर्यटक गृहीत धरते, तर येथे नवरात्रात देवीच्या दर्शनाला गर्दी लोटते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये प्रवेश-परवान्याची कारणे म्हणून अभ्यास, छायाचित्रण व चित्रीकरण, संशोधन, पर्यटन व रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार एवढीच दिली आहेत. यात्रेचा उल्लेख नाही. त्यामुळे भाविकांना पर्यटक म्हणून मोजण्यापेक्षा वाहनतळ जंगलाच्या कडेला ठेवणे, मंदिरापलीकडच्या वाटा त्या दिवसांत बंद करणे व प्लास्टिक अडवणे हे उपाय, म्हणजे स्टँकीचा मार्ग, येथे अधिक लागू पडतो.

यावलच्या जंगलातील पाल (ता. रावेर) येथे सहलीला येणाऱ्यांना ही आकडेमोड त्यामानाने सरळ लागू होईल. मुक्ताई-भवानी (जि. जळगाव) हे अभयारण्य नसून संवर्धन राखीव क्षेत्र (त्याच अधिनियमातील संरक्षणाचा वेगळा प्रकार) असल्याने कलम २८ तेथे लागू होत नाही.