खचलेल्या पायवाटेवर मीठ का पुरं पडत नाही?

कडाक्याची थंडी पडली की एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो: गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि अल्कोहोल एकत्र करून दारापुढच्या बर्फावर ओता, बर्फ गायब! पण ते पाणी जातं कुठे? काँक्रीटची पायवाट मधोमध खचलेली असेल तर कुठेच जात नाही. रात्री तिथेच गोठतं आणि आधीपेक्षा गुळगुळीत थर तयार होतो. असल्या जादूच्या मिश्रणांवर विश्वास ठेवू नये.

बर्फावर मीठ टाकण्यामागे मात्र पक्कं विज्ञान आहे. बर्फ आणि पाणी जिथे भिडतात तिथे रेणूंची सतत ये-जा चालते. ० अंश सेल्सियसला जितके रेणू बर्फातून सुटतात तितकेच पाण्यातून परत येऊन चिकटतात. पाण्यात मीठ विरघळलं की परतणारे रेणू कमी होतात, सुटणारे तेवढेच राहतात. म्हणून बर्फ शून्याखालीही वितळतो. किती खाली, ते मिठाच्या प्रमाणावर ठरतं. सुमारे २३ टक्के मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, १० टक्क्यांचं साधारण उणे ६.५ पर्यंत आणि ५ टक्क्यांचं जेमतेम उणे ३ पर्यंत.

आता एक चौरस मीटरचा, दोन सेंटिमीटर खोल खळगा घ्या. त्यात २० लिटर पाणी मावतं. ते १० टक्के खारट करायलाच सव्वादोन किलो मीठ हवं! शिवाय वितळलेला प्रत्येक थेंब मिठाला आणखी पातळ करतो. छपराच्या पन्हळीचं पाणी तिथेच उतरत असेल तर संपलंच. त्यात काँक्रीटचे पापुद्रे सर्वांत जास्त सुटतात ते साधारण ३ टक्क्यांच्या, म्हणजे अशाच पातळ खारट पाण्याच्या गोठण्या-वितळण्याने.

म्हणून हिवाळ्यापुरता उपाय करताना आधी पाण्याकडे बघा. पन्हळीच्या तोंडाला पाइप जोडून पाणी वाटेपासून लांब न्या. सैल झालेला बर्फ फोडून काढा आणि खळगा टोकदार कडांच्या बारीक खडीने भरून ठोकून घ्या. गोटे नकोत, ते पायाखाली घरंगळतात. खाली पाणी गोठलं तरी पाय त्याच्या वर राहतो. उरलेल्या बर्फावर वाळू पसरा. ती काही वितळवत नाही, पण पकड देते, कितीही थंडी असली तरी.

काँक्रीट ओतायची घाई नको. ताज्या मिश्रणातलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आतली वीण मोडते. जमीन पूर्ण वितळल्यावर खडी काढून खालचा भराव तपासा, मगच खचलेली काँक्रीटची फरशी उचलून समतल करून घ्या.